ढील

टेबलावर ग्रीसचा नकाशा,
त्यावर शेंगांची टरफलं,
आणि टरफलांखाली कुठेतरी ते बेट,
ईशानीच्या नखाखाली झाकलं जाईल एवढं.
"दगडासाठी इतक्या लांब?" माई विचारतात.
"आपल्या पावागडाला काय झालंय?
तिथे निदान देवी तरी आहे."

मी सांगते, चुनखडीचा कडा आहे माई, नारिंगी,
छतासारखा पुढे झुकलेला,
त्यातून दगडाची झुंबरं लोंबतात
आणि खाली निळा समुद्र.
समुद्र म्हटल्यावर सगळे खूश.
कडा कुणाच्या लक्षातही राहत नाही.

"ऑक्टोबर? म्हणजे नवरात्रात?"
ईशानी उभीच राहते खुर्चीवरून.
"नवरात्रात बडोदं सोडून कोण जातं, आई?
माझा पास काढून झालाय."
मग दसरा ते दिवाळी.
कॅलेंडरातली तेवढीच फट.
मी तिच्यात बोटं अडकवते आणि लटकते.

दहा दिवस.
हेरंबला तीन हवेत अथेन्सला, पडक्या खांबांसाठी.
ईशानीला पोहायचंय, तिथली मांजरं बघायचीत.
माईंना बोटीने कुठल्याशा मठात जायचंय,
देव कुठलाही असो, पायऱ्या कमी असाव्यात.
जाण्यायेण्यातले दोन वजा.
कुणाचं पोट बिघडलं तर एक.
उरलेले दोन मुठीत धरून
ते कुणी मागायच्या आत
मी चहा टाकायला उठते.

दाराला ताणकाटा लावलाय.
सत्तर मीटर दोर: साडेचार किलो.
थेपले, मेतकूट, लिंबाचं लोणचं, भाखरवडीचे सहा पुडे:
तेही साडेचार.
काटा थरथरतो दोघांच्या मध्ये
आणि माई माझ्याकडे बघत नाहीत.

हेरंब विम्याचा अर्ज भरतोय.
नाव, वय त्रेचाळीस, रक्तगट.
साहसी खेळ: होय की नाही.
पेन तिथे थांबतं.
आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब तपासलेला माणूस,
रिकामी चौकट त्याला सोसत नाही.
"दोर कोण धरणार तुझा?"

खरं आहे. सेजल टोरांटोला गेली.
मृगांकचा गुडघा गेला.
रविवारी पावागडच्या पायथ्याशी जी मुलं येतात
त्यांना पासपोर्ट नाहीत.
"तिथे मिळतो माणूस," मी म्हणते, "दिवसाच्या भाड्याने."
"भाड्याने," तो म्हणतो,
आणि चष्मा पुसत बसतो बराच वेळ.

उत्तरायणाला गच्चीत
तो पाण्याच्या टाकीमागे बसतो,
कठड्याकडे पाठ, हातात फिरकी.
चौदा वर्षं पाहतेय मी.
उंचीची भीती, म्हणून आभाळाकडे बघतच नाही.
पतंग ईशानीचा, पेच ईशानीचा,
पण बोटांतून सरकणाऱ्या मांज्यावरून
त्याला आधी कळतं
कधी ढील द्यायची, कधी लपेटायचं.

रात्री साडेदहाला जिन्यात
मी तिसऱ्या मजल्यावर, तो तळाला,
दोर वरच्या तुळईवरून फिरवून आणलेला.
त्याच्या कमरेला माझाच जुना हार्नेस,
झब्ब्यावरून बांधलेला, थोडा तिरका.
जसुबेन दार उघडून विचारतात,
कपडे वाळत घालायला केवडी मोठी दोरी!
मी कठड्यापलीकडे पाय सोडते.
"बसू?"
"थांब." मग, "बस."

दोर ताणला जातो. किंचित खाली जाते मी,
तो किंचित वर उचलला जातो,
चप्पल एक सुटते.
"हेरंब, वर बघायचं असतं."
"बघतोय."
नव्हता बघत. डोळे मिटलेले होते.
हात मात्र जागचे हलले नाहीत.
"ढील दे," मी म्हटलं.
दिली त्याने. मोजून, एक वीत.

अर्जातली चौकट अजून रिकामीच.
शेजारी पेन्सिलीने
दोन्ही हप्त्यांची बेरीज, होय धरून आणि नाही धरून.
सकाळी ताणकाट्याखाली
भाखरवडीचे चारच पुडे.
"दोन जसुबेनला दिले," माई म्हणाल्या.
"पण मी खाली छत्री घेऊन बसणार हं.
आणि समुद्र दिसला पाहिजे तिथून."